तिसरी हाक

भोर, ता. ४ डिसें. १९३४
धोंडिबा आला होता. माझा जुना विद्यार्थी, आमच्या मधूच्या बाकावरचा. गाव मार्गासनी, हल्ली पुण्यापुढच्या एका लहान स्टेशनावर रेल्वेच्या फाटकावर असतो. घरचा आंबेमोहोर दिला नि उंबऱ्यात घुटमळत राहिला. शेवटी म्हणाला, "मास्तर, रागावू नगा. तुमचा मधू दिसला मला. सांजच्या गाडीनं उतरतो नि झाडीत शिरतो. पाचोळा लई हाय तितं, पन वाजत न्हाई."
सौ. आतून धावत आली. कसा दिसतो? वाळलाय का?
"हाय तसाच, काकू. शाळंत हुता तसाच. मिसरूड बी न्हाई."
घर सोडलं तेव्हा पंधराचा. त्याला सहा वर्षं झाली. सौ. आनंदात चुलीकडे गेली. मी तिथंच बसून राहिलो.

ता. ५
झोप नाही. तो दिवस पुन्हा पुन्हा... साहेब शाळा तपासायला आले होते. मधूला कविता म्हणायला मीच उभा केला. माझी लाडकी, ओढ्याकाठच्या संध्याकाळची. दोन कडवी खणखणीत म्हणाला. तिसऱ्याला अडला. नेहमीच अडायचा. सगळ्या वर्गादेखत थोबाडीत दिली. "मास्तराचा मुलगा ना तू?" म्हणालो. संध्याकाळी घरी आला नाही.

ता. ६
सौ.ने दशम्या बांधल्या, मधूचा जुना सदरा धुऊन दिला. (आता कसा होणार?) निघताना बजावलं: "तिन्हीसांजेला झाडीतून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नका. ते दोनदाच हाक मारतं." माझी आईही हेच सांगायची. आम्ही डोंगराकडची माणसं, हे आईच्या दुधाबरोबरच येतं.

ता. ७, फाटकावरची खोली
नसरापुराहून मोटार. कात्रजचा घाट. पुण्याहून गाडी.
स्टेशन केवढंसं! एक बाक, दोन कंदील, नावाची पाटी. एका अंगाला कचेरीवाल्यांची नवी घरं, दुसऱ्या अंगाला रुळांपर्यंत आलेली दाट झाडी. सांजच्या गाडीनं काळ्या टोप्या उतरल्या, डबे वाजवीत घरांकडे गेल्या. झाडीकडे कोणी गेलं नाही. पाखरंही त्या बाजूला बसत नाहीत, की मलाच तसं वाटलं?

ता. ८
आज.
गाडी गेली. फलाट रिकामा. धोंडिबा फाटकावर. झाडीतून "अण्णा". स्वच्छ. आवाज फुटायच्या आधीचा त्याचा गळा. दातांनी जीभ धरली. पुन्हा, "अण्णा". तिसरीची वाट पाहिली. वाट पाहिली. धुकं उतरलं.
धोंडिबाला विचारलं, ऐकलंस?
"न्हाई जी. पन तुमी बोटं कशापायी मोजत हुता, मास्तर? येक, दोन करून?"

ता. ११, भोर
परतीच्या मोटारीत लक्षात आलं. मधूला तिसरं कडवं कधी येतच नव्हतं. दोनावर अडणारं पोर ते. आणि मी तिसऱ्यासाठी तोंड मिटून उभा! पुन्हा तेच केलं.
सौ.ला सगळं सांगितलं. जेवली नाही. भांडी घासता घासता, पाठमोरीच म्हणाली, "मधू असो, नाहीतर आणखी काही असो. पहिल्याच हाकेला ओ द्या." थोड्या वेळानं, "आणि मारू नका."

ता. १४, स्टेशन
बाकावर बसून पेन्सिलीनं लिहितोय. धोंडिबा म्हणतो, "मास्तर, आज खोलीत बसा. मला लक्षण बरं वाटंना." त्याला परत पाठवला. सदरा मांडीवर आहे.
काळ्या टोप्या गेल्या. झाडीत काळोख भरत चाललाय, इकडे अजून उजेड.
हाक आली. एकच.
ओ दिली. माझाच आवाज मला परका वाटला.
पुढे काही नाही. त्याला धीर यावा म्हणून तिसरं कडवं मीच मोठ्यानं सुरू केलं. चाळीस वर्षं शिकवलेलं. पहिली ओळ म्हटली नि अडलो. दुसरी आठवेचना.
झाडीतून दुसरी ओळ आली.
बरोबर आहे. एकही अक्षर चुकलेलं नाही.
सदरा घेतो. उठतो.