न हलणारी सुई

११ ऑक्टोबर
— आणि वरची आडवी तार कापून टाकली! साहेब खालून ओरडत होते, "अहो, चौकटच मोडलीत की!" मोडायचीच होती. दिवसा ही तारांची चौकट विमानाच्या रेडिओवरून त्याची दिशा चोख सांगते. अंधार पडला की रेडिओची लाट आभाळावर आपटून वरूनही येते, आडव्या तारेत शिरते आणि दिशा दाखवणारी सुई दारुड्यासारखी झुलते. किती वेळा सांगायचं! आता नुसते चार उभे खांब. जोडतारा जमिनीखाली.

१४ ऑक्टोबर
मुकादमाने तारा जेमतेम वीतभर खोल पुरल्या. "दिसत नाहीत ना? मग झालं!" इतक्या वर लाट पोचतेच; सगळं पुन्हा उकरायला लावलं. खाली कातळ.

१९ ऑक्टोबर
धाकट्या बहिणीकडे जेवलो. तिचा नवरा रात्रीचं टपाल घेऊन उडतो. चिडवत होता — "दादा, रात्री तुम्ही मिनिटाला नवी दिशा सांगता. मी सगळ्या ऐकतो आणि मधली धरतो. म्हणून तर अजून जेवायला घरी येतो!" धाकटी हसली नाही.
नव्या खांबांचं सांगणार होतो. पण साहेबांची ताकीद — "चाचणी होऊन माझी सही होईपर्यंत वैमानिकांना अवाक्षर नाही. फजिती झाली तर उगाच बोभाटा." भाजी वाढून घेतली.

२३ ऑक्टोबर
सुई हलत नाही! अंधार पडून किती वेळ झाला, तरी हलत नाही. साहेबांनी काचेवर टिचकी मारली. "बिघडली का हो?"


२६ ऑक्टोबर
चाचणी पुरी. साहेब रजेवर. सही सोमवारी.

२७ ऑक्टोबर, रात्र
दाट धुकं. मेहुणा वर. त्याने रेडिओवर दिशा विचारली, मी सांगितली. पुन्हा विचारली — तीच. तिसऱ्यांदा — तीच.
"तीच कशी, दादा? रात्री? सुई अडकलीय तुमची! टिचकी मारा."
"अडकली नाही! खांब नवे आहेत, याच दिशेने ये!"
"राहू द्या. माझ्या अंदाजाने येतो."
ओरडत राहिलो. पलीकडे नुसती खरखर.

२८ ऑक्टोबर, सकाळ
विमान नदीपलीकडच्या शेतात सापडलं. चाकं तुटलेली. त्याचा पाय मोडलाय, बाकी धड आहे. धाकटी माझ्याकडे पाठ करून त्याचा हात धरून बसली होती. त्याने स्ट्रेचरवरून मला पाहिलं आणि विचारलं, "सुटली का सुई, दादा?"