अठरा ते बावीस मिनिटं

४ मार्च

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करते, नाहीतर म्हणशील, पोरीला स्वतःशिवाय काही सुचत नाही. खरंच सुचत नाहीये. अठ्ठावीस तारखेला प्राध्यापकपदाची मुलाखत आहे आणि जीव टांगणीला लागलाय.

माझे एकूण बारा शोधनिबंध. त्यातल्या अकरांचा दाखला कुणी दिलाच तर बहुतेक वेळा मीच दिलेला असतो. सगळी मदार एकावर. कॉम्प्युटर आल्यावर रुग्णालयात फाइल वीसऐवजी पाच मिनिटांत मिळू लागली, हे त्यात दाखवलंय. सहाशे अकरा संशोधकांनी त्याचा आधार घेतलाय. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी तो आकडा बघते. जुनी वीस मिनिटं तुझ्या फाइलखोलीतल्या रजिस्टरातली, म्हणून तो निबंध सोप्या भाषेत लिहून पाठवतेय. इतकी वर्षं राहूनच गेलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकू

११ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

गुडघे जागेवर आहेत. तुझा लेख दोनदा वाचला.

ती वीस मिनिटं खरी नाहीत गं. फाइली काढून देताना मान वर करायला फुरसत नसे. मागितल्याची आणि दिल्याची वेळ मी पाळी संपताना एकदम भरायचे, अंदाजपंचे. तेही अठरा ते बावीस मिनिटांच्या मधलंच. जास्त दाखवलं की साहेब मेमो देत. कमी दाखवलं की म्हणत, मग दोन बायका कशाला हव्यात. माझ्या जोडीदारणीचं घर त्या नोकरीवर चालायचं. खरं तर कुठली फाइल कुठे ते मला पाठ होतं. पाचेक मिनिटांत द्यायचे, तुझ्या कॉम्प्युटरइतक्याच.

तू रजिस्टर मागितलंस तेव्हा इतका अभिमान वाटला, की हे सांगायचं डोक्यातच आलं नाही. पत्र फाडून टाकलंस तरी मी ब्र काढणार नाही. पण तुला न सांगता घास उतरेना.

आत्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी आत्या

१९ मार्च

ति. आत्यास सा. न.

चार दिवस तुझं पत्र कपाटात कोंडून ठेवलं. तुझा राग आला, मग स्वतःचा. पाचशे नोंदी, सगळ्या अठरा ते बावीसमध्ये, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आकडा मनासारखा होता, म्हणून विचारलं नाही. परवा वाचलं, माझ्या निबंधाचा दाखला देऊन दोन रुग्णालयांनी फाइलखोलीतली माणसं कमी केली.

विभागप्रमुख म्हणाले, मुलाखत उरकू दे, मग बघू. मी थांबले नाही, संपादकांना कळवून टाकलं. निबंध मागे घ्यावा लागेल. मुलाखतीत माझ्याकडे काय उरेल ठाऊक नाही आणि फार भीती वाटतेय. संपादकांना पुरावा हवाय. तुझं पत्र जोडू का? नाव झाकता येईल.

लोभ अजून आहे ना, एवढं कळव.

ठकू

२३ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

लोभाचं काय विचारतेस, वेडे. मुलाखतीला जा आणि ताठ बस. बाकी काय व्हायचं ते होईल, मी आहे.

नाव झाकू नकोस. निवृत्त बाईला आता मेमो कोण देणार. सोबतच्या कागदावर सगळं स्वच्छ अक्षरात लिहून सही केली आहे. वर तारीख आणि वेळही घातली आहे, सकाळचे दहा वाजून सदतीस मिनिटं. या खेपेला घड्याळात बघून लिहिली.

तुझी आत्या