करपलेल्या भाकरीचा शेरा

माय,

आज जेलमध्ये जाऊन आलो. घाबरू नकोस, पाहुणा म्हणून गेलो होतो. आता आपलं सरकार आलंय, आणि त्याने प्रत्येक जेलवर लक्ष ठेवायला गावातली बाहेरची दोन-चार माणसं 'व्हिजिटर' म्हणून नेमली आहेत. पेन्शनीत निघालेला मास्तर, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून माझंही नाव कुणीतरी सुचवलं असावं. तीन महिन्यांतून एकदा जायचं, कोठडी बघायची, कैद्यांची भाकरी चाखायची आणि शेरेबुकात शेरा लिहायचा. तो शेरा वर जातो, म्हणजे जातो असं सांगतात. तीच कचेरी आहे, मागच्या अंगाला तीच दगडी कोठडी, आणि तू डोक्यावरची पाटी ज्या पायरीवर उतरवायचीस ती पायरीही तशीच आहे, मधोमध झिजलेली. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. आज मात्र डोकं असं फिरलंय की तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. घरात बोलायला गेलं की सगळे म्हणतात, नाना, तुम्हाला काय करायचंय. हे वाक्य मी एकदा तुला ऐकवलं होतं. तुझ्या लक्षात असेल, माझ्या तर आहेच.

वडील गेल्यावर कच्च्या कैद्यांच्या भाकरीचा ठेका तुला मिळाला तेव्हा मी नुकता मराठी शाळेत असिस्टंट मास्तर म्हणून चिकटलो होतो. माझ्या पगारात आपलं भागलं असतं, पण तुला रिकामं बसवत नव्हतं. पहाटेपासून तुझा तवा तापलेला असायचा. ज्वारीची भाकरी, वर तुरीचं घट्ट वरण, आणि बाजाराच्या दिवशी हिरव्या मिरचीचा ठेचा, जो ठेक्यात नव्हता. एखादी भाकरी जरा जरी लागली तरी ती तू आपल्या ताटात घ्यायचीस. मी एकदा म्हणालो की कैद्यांना काय, चालतं, तेव्हा तू पीठ मळता मळता मान वर न करता म्हणालीस, "ज्यानी चोरी करी नही त्याले बी तीच भाकर जास. तू ठरावनार का कोन चोर शे?" निकाल लागायचा असलेला माणूस म्हणजे काय, हे मला तुझ्याइतकं स्पष्ट कुणी शिकवलं नाही. कचेरीतल्या मोठ्या कारकुनांनाही ते ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला तो आला. अक्कलकुव्याच्याही वरच्या डोंगरातला, तिशीचा, काटक, बोलायला लाजणारा. तापीकाठच्या एका शेतकऱ्याचा बैल चोरल्याचा आळ होता. तो म्हणत होता की बैल सुटून त्याच्या शेतात आला आणि त्याने बांधून ठेवला. खरंखोटं ठरवायला कोर्ट होतं, पण कोर्टापुढे तो उभा राहील तर ना. बैल मुद्देमाल म्हणून जप्त झाला, कोंडवाड्यात ठेवला, आणि पंधरवडा व्हायच्या आत मालकाकडून लिहून घेऊन सोडून दिला, कारण रब्बीच्या पेरणीचं काम अडलं होतं. माणसाला सोडायला जामीन हवा होता. जामीन राहणाऱ्याच्या नावावर जमीन हवी होती, आणि त्याच्या सगळ्या पाड्यात जंगल कसणारी माणसं, कुणाच्याही नावावर कागदाचा तुकडा नाही. बैल घरी गेला आणि माणूस कोठडीत राहिला. हे मी वर्गात गणित म्हणून घातलं असतं तर पोरांनी मला चूक दाखवली असती.

तू भाकरी द्यायला गेलीस की तो गजांशी यायचा आणि एकच विचारायचा. "माय, मन्ही तारीख कवय शे?" त्याची बोली वेगळी, ही चार अक्षरं तो शिपायांकडून शिकला होता. त्याची तारीख कधी, हे तू घरी येऊन मला विचारायचीस, मी कचेरीत विचारायचो, आणि तिथे हात वर करायचे. एकदा साक्षीदार आला नाही. एकदा त्याची बोली कळणारा दुभाषी मिळाला नाही. मग मॅजिस्ट्रेट साहेब हिवाळी फिरतीवर गेले आणि तारीख त्यांच्या छावणीवर पडली. दोन शिपायांनी त्याला दोरी लावून चालत नेलं. पोचले तेव्हा छावणी दोन दिवसांपूर्वी उठून पुढे गेलेली. पाय सुजवून तो परत आला, आणि आठवड्याने कागद आला त्यात लिहिलं होतं, 'आरोपी गैरहजर.' सरकारच्या कुलपात असलेला माणूस सरकारच्या कागदात गैरहजर. मी तो कागद तुला वाचून दाखवला तेव्हा तू हसशील असं मला वाटलं होतं. तू परातीतलं पीठ तसंच ठेवून बाहेर जाऊन बसलीस.

माघात जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले. माझं अक्षर बरं म्हणून शेरेबुकाची नक्कल उतरवायला मला बोलावत, हे तुला माहीत होतं. साहेबांनी कोठडीत डोकावून पाहिलं, तुझ्या भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला आणि लिहिलं: 'तुरुंग स्वच्छ. कैद्यांची भाकरी चाखली. उत्तम.' मी धावत घरी आलो. सरकारी वहीत तुझी भाकरी! तू तो शेरा माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलास, चेहरा नुसता फुलला होता तुझा. मग चुलीतलं लाकूड मागे ओढत विचारलंस, "आनि त्या मानूसबद्दल काय लिखं?"

"काहीच नही, माय."

"भाकर चांगली शे हाई सायेबले समजनं. मानूस पाच महिनापाईन बठेल शे हाई नही समजनं? मंग सायेब उना कसाले?"

साहेब मग आले कशाला, ते त्या वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं. आजही नाही.

वैशाखात साहेब पुन्हा येणार अशी वर्दी आली. त्या सकाळी मी शाळेला निघालो होतो आणि घरभर जळकट वास. स्वयंपाकघरात येऊन पाहतो तर तव्यावर भाकरी धूर सोडते आहे आणि तू समोर बसली आहेस, दोन्ही हात मांडीवर.

"माय, भाकर जळी ऱ्हायनी!"

"माले दिखस," तू म्हणालीस.

अशा तीन भाकऱ्या तू जाळल्यास, काळ्या पडेपर्यंत, शांतपणे. खाली फडक्यात कैद्यांसाठीच्या चांगल्या भाकऱ्या गुंडाळलेल्या होत्या, या तीन वर. मी ओरडत राहिलो. तू म्हणालीस, "गोड भाकर खाईसन कोन्ही काय इचारत नही. आज सायेब थुकी. कोनी करी म्हनीसन इचारी. माले बलाई. मंग मी सांगसू." काय सांगणार तेही तू मला म्हणून दाखवलंस. साहेब, भाकर मी मुद्दाम जाळली, मला काय ती शिक्षा करा, पण आत आठ महिने एक माणूस बसलाय त्याची तारीख आजच्या आज सांगा. एवढंच. तू ठेवणीतलं लुगडं नेसलीस, पाटी घेऊन गेलीस आणि कचेरीच्या ओसरीवर खांबाला टेकून बसलीस, बोलावणं येईल म्हणून.

मी आत होतो, टेबलाशी, दौत हातात. साहेबांनी तुकडा तोंडात घातला आणि खरोखरच थुंकले. मोठे कारकून पांढरेफटक पडले. साहेबांनी कुणाला काही विचारलं नाही. पेन मागितलं, मीच पुढे केलं, आणि त्यांनी लिहिलं: 'भाकरी करपलेली, खाण्यालायक नाही. ठेका ताबडतोब बदलावा आणि केल्याचे कळवावे.' सही केली आणि घोड्यावर बसले. तुझं ते वाक्य मला पाठ होतं, माय. साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मी टीपकागद दाबून त्यांची शाई वाळवली. ते तुझ्यासमोरून गेले तेव्हा तू उठून उभी राहिलीस, त्यांनी पाहिलंही नाही. तू कुलूप लागेपर्यंत ओसरीवर बसून होतीस. वाटेत मी तुला म्हणालो, तुला काय करायचं होतं त्या माणसाशी, चालता ठेका घालवलास. तू रिकामी पाटी काखेत धरून पुढे चालत राहिलीस. तू बोलली असतीस तर बरं झालं असतं.

सरकार किती झपाट्याने हलू शकतं ते मी त्या आठवड्यात पाहिलं. चौथ्या दिवशी ठेका दुसऱ्याकडे गेला, पाचव्या दिवशी कळवल्याचा कागद रवाना झाला. त्यावर ना साक्षीदार लागला ना दुभाषी, छावणीही कुठे हलली नाही. त्याची तारीख मात्र दिवाळी उलटल्यावर लागली. बैलाचा मालक आलाच नाही, त्याला बैल केव्हाच मिळाला होता. पुराव्याअभावी सोडलं. चौदा महिन्यांनी सुटलेला तो माणूस आपल्या मागच्या दारी येऊन बसला, तू त्याला भाकरी वाढलीस, अर्धी त्याने खाल्ली आणि अर्धी कमरेच्या फडक्यात बांधली. उठताना एवढंच म्हणाला, "नवी भाकरमा रेती व्हती, माय," आणि लाजून हसला. नव्या ठेकेदाराची ती रेती कुठल्याच शेऱ्यात आली नाही. पुढच्या नकला मीच उतरवल्या, म्हणून सांगतो.

आता माझं ऐक. या नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, आता टेबलाच्या शेरा लिहायच्या बाजूला बसलोय. पहिल्या भेटीत एक पोरगा भेटला, विशीचा, नवापूरकडच्या डोंगरातला, सागाची लाकडं तोडल्याचा आळ, सात महिने आत. मी पानभर शेरा लिहिला. उत्तर आलं: 'शेरा पाहण्यात आला.' दुसऱ्या भेटीत दोन पानं लिहिली. उत्तर आलं: 'योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवला.' पुढे म्हणजे कुठे, हे मी शोधायला निघालो. जेलवाले म्हणाले, तारीख कोर्ट देतं. कोर्टातला कारकून म्हणाला, आम्ही तारीख देतो, पोलीस आरोपीला आणत नाहीत. फौजदार म्हणाले, न्यायला शिपाई नाहीत, जेलने आधी कळवायला हवं. मास्तरकी करताना एका पोराने दौत सांडली आणि चाळीस पोरांनी एकमेकांकडे बोट दाखवलं तर मी सगळ्यांना उभं करत असे. इथे उभं कुणाला करायचं? तिसऱ्या शेऱ्याला उत्तर आलं की, व्हिजिटरांनी स्वच्छता, अन्न आणि वागणूक एवढ्यापुरतेच शेरे लिहावेत, न्यायालयीन बाबींत पडू नये. स्वराज्य आलं, झेंडा बदलला, आणि अजून यांना भाकरीचीच चव हवी आहे.

आज चौथी भेट होती. पोरगा अजून तिथेच आहे, आता सोळा महिने. त्याने मला काही विचारलं नाही. पहिल्या भेटीत तारीख विचारली होती. मग जेलरने ताट आणलं, आणि भाकरी करपलेली होती. कडेपासून मध्यापर्यंत काळी. जेलर चिडून म्हणाले, "मास्तर, ही भाकरीच्या ठेक्याची बाई कामाची नाही. तुम्ही लिहाच, म्हणजे लगेच बदलता येईल." मी मान वळवली तर दाराबाहेर ती उभी होती, हात धुतलेले, पदर डोक्यावरून घेतलेला, माझ्याकडेच पाहत. चूल जास्त पेटली असेल, पीठ जुनं असेल, काहीही असेल. मी तो काळा तुकडा चावून गिळला. तिचा ठेका जायला नको एवढंच डोक्यात होतं, आणि पोराबद्दल चौथ्यांदा लिहून पुन्हा तेच उत्तर वाचायची ताकद नव्हती. मी लिहिलं, 'अन्न चाखले. भाकरी चांगली आहे,' खाली सही केली आणि तिच्यासमोरून बाहेर पडलो. तिला वाचवलं म्हणून बाजारपेठ ओलांडेपर्यंत मी खूशही होतो.

हे पत्र शाळेच्या जुन्या हजेरीच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय, त्यातच राहील. पण एवढं तुला सांगायलाच हवं. मी समोरून गेलो तेव्हा त्या बाईने काही बोलायला तोंड उघडलं होतं, माय, आणि मी थांबलो नाही.