सहीआधीचे चौदा दिवस

प्रिय कस्तुरीताई,

मिसळीच्या फ्रँचायझीवर सही केली, असं तुला फोनवर ठोकून दिलं होतं. केली नव्हती गं! तुझ्या कॅलिफोर्नियात कायदाच आहे ना, सहीआधी चौदा दिवस सगळे कागद हातात द्यायचे, फ्रँचायझी सोडून गेलेल्यांची नावंसुद्धा. इथे विलायतेत नावं मागितली तर कंपनीवाला हसला. "आपल्याकडे तसा कायदा नाही, मित्रा."

मग सायकलचं पेडल आणायला इल्फर्डला गेलो. (घराजवळ मिल्टन कीन्सलाही मिळालं असतं, ते सोड.) तिथे लीलावतीकाकू म्हणून एक आहेत, त्यांच्या स्टॉलवर थालीपीठ खाल्लं. मिसळ का नाही, विचारलं, तर काकू त्याच कंपनीची फ्रँचायझी सोडून आलेल्या!

"तर्री त्यांचीच घ्यायची, पाकिटातली. वर सोडल्यावर वर्षभर मिसळ विकायची नाही. मी न वाचताच सही केली रे."

ते वर्ष आदल्याच दिवशी संपलं होतं, ताई! मी तिथेच ओरडलो, "काकू, आपण दोघं मिसळीचा स्टॉल काढू, आपल्या नावानं!" आणि उत्साहात तुझा कायदाही सांगून बसलो.

"मग तूही चौदा दिवस थांब," काकू म्हणाल्या. "रोज कांदा चिरायला ये. पंधराव्या दिवशीही आलास, तर सही."

आज तिसरा दिवस. डोळे चुरचुरतायत, पण मी आलोय! हे पत्र पंधराव्या दिवशीच टाकीन.

अजून न पळालेला तुझा भाऊ,
अवधूत