पंचवीस आणि सत्तावीसच्या मध्ये

११ जानेवारी, रविवार

धुळ्याचे पाहुणे येऊन गेले. मुलगा — कुंदन — फारसा बोललाच नाही. वडीलच बोलले! बायोडाटा डोळ्यांजवळ धरून, "जन्म सव्वीस तारखेचा? दोन नि सहा आठ. आठ म्हणजे शनी."

एकोणतीस वर्षांची मी. बारावीला गणित शिकवते. आणि मला बेरीज शिकवून गेले!

१२ जानेवारी

लोटनमामाचा फोन. स्थळ त्यानेच आणलं, म्हणून घाईही त्यालाच. "त्यांच्या गुरुजींनी तोड काढली. भाऊबंदांना सत्तावीस सांगायचं. दोन नि सात नऊ, चांगला अंक. एका दिवसानं काय फरक पडतो, पोरी?"

— पडत नाही, तर बदलता कशाला?

फोन ठेवला त्याने.

१३ जानेवारी

आज फळ्यावर २६ लिहिलं. अलीकडे २५, पाचाचा वर्ग. पलीकडे २७, तिनाचा घन. वर्ग आणि घन यांच्या बरोबर मध्ये उभी असलेली ही एकच नैसर्गिक संख्या.

नशिराबादहून येणारी रूपा म्हणाली, "मॅडम, पुढे लाखात, कोटीत कुठेतरी असेल ना दुसरी?"

नाही. कधीच नाही. शोधून दमले म्हणून नव्हे — सिद्ध झालंय! मग मागच्या बाकावरून कुणीतरी २६ चा वर्ग केला. ६७६. उलटं वाचा, तरी तेच. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि हे मी लपवायचं?

१५ जानेवारी

मामा आईला म्हणाला, "अक्का, पोरीचं वय तरी बघ." वय २९. मूळ संख्या आहे, मामा! एक आणि ती स्वतः सोडून कुणी भागू शकत नाही.

१८ जानेवारी, रविवार

पाहुणे परत आले, मामाही. आईने चहा ठेवला. कुंदनचे वडील — "मग सत्तावीस ठरलं?"

"सव्वीस," मी म्हणाले. "सव्वीसच राहणार."

"हट्ट करू नका. हे तुमचं शाळेतलं गणित नाही."

मी सरळ कुंदनकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

त्याने बोटातली अंगठी फिरवली. "पप्पा म्हणतील तसं."

संपलं. नकार मीच दिला, तिथेच, उभी राहून. मामा रागाने रिक्षा करून निघून गेला. नंतर कप विसळताना एक बशी फुटलीसुद्धा. फुटू दे. वाईट वाटलं नाही असं नाही — पण पश्चात्ताप? अजिबात नाही.

२० जानेवारी

भाकरी थापता थापता आई तिच्या अहिराणीत म्हणाली, "तुन्हा जलम सत्तावीसना शे, बाई. तुन्हा बापनी शाळामा तारीख चुकीनी लिखाडी."

मी बघतच राहिले. "मग त्यांच्यासमोर बोलली का नाहीस? तेवढ्यावर लग्न जमलं असतं!"

तिचा हात थांबला नाही.

"म्हणीसनच नही सांगं मी."