जावयाचा ओंडका

३ फेब्रुवारी
झालो एकदाचा घरजावई! मित्रांना चिडवायचं ते चिडवू दे. पुढे लाकडाची वखार, मागे खोक्यांचा कारखाना आणि मधे घर. दिवसभर करवतीचा आवाज, चहातसुद्धा भुसा. सासऱ्यांनी हौसेने सगळं दाखवलं. त्यांच्या आजोबांनी एका करवतीवर वखार काढली, वडिलांनी फळांची खोकी सुरू केली, आणि आता हे सगळं मी सांभाळायचं. बायको हळूच म्हणाली, आधी खिळा सरळ ठोकायला शिका. दिवस मजेत गेला.

५ फेब्रुवारी
शेडच्या कोपऱ्यात एक अर्धवट चिरलेला जाडजूड ओंडका पडून आहे. फट मिटू नये म्हणून चिरेत पाचर ठोकलेली. सगळे त्याला जावयाचा ओंडका म्हणतात. मला वाटलं, आहेर माझ्यासाठीच! वखारीतल्या जुन्या मिस्त्रींना विचारलं तर त्यांनी करवत बंद केली आणि मगच सांगितलं. सासऱ्यांच्या आजोबांच्या काळी त्यांच्या घरजावयाचा हात या चिरेत असताना पाचर निसटली. कामगार म्हणाले, ओंडका आडवा कापून सोडवू. आजोबा म्हणाले, एवढं चांगलं लाकूड वाया घालवू नका, मोठी पाचर घडवून आणा. ती येईपर्यंत रक्त वाहून माणूस गेला. तेव्हापासून रोज सकाळी घरातलं कुणीतरी पाचर ठोकून घट्ट करतं. तो अजून हात काढतोय म्हणे.

८ फेब्रुवारी
सासरे बाहेरगावी गेलेत. ओंडका चिरून त्याची खोकी करावीत, ते आले की खूश होतील, असं डोक्यात आलं. मिस्त्री नको नको म्हणत होते. मला शहाणपणा फार. पाचर उपटली. फट सावकाश मिटली, तोंड मिटावं तशी. पाचर परत ठोकून पाहिली, जाईना. करवतीखाली घातला तर पातं तुटलं. आता सासऱ्यांना काय सांगू?

९ फेब्रुवारी
कपाटाचा खण उघडत नाही. कारखान्यात तयार खोक्यांच्या फळ्यांमधल्या, हवेसाठी सोडलेल्या फटी मिटल्यात. मिस्त्री कामावर आले नाहीत. सासरे आले, ओंडका पाहिला. वाटलं, माझी खरडपट्टी काढतील. पण जेवताना फक्त माझ्या हातांकडे बघत होते.

१० फेब्रुवारी
खिडक्या घट्ट बसल्या. सगळ्या. बायको म्हणते लाकूड फुगलंय, पण हवा तर कोरडी आहे. पाचरी घालतो, चुरा होऊन पडतात. मला भीती वाटतेय. तिला म्हटलं निघू या. ती म्हणाली, उद्या सकाळी.

११ फेब्रुवारी
ती आतल्या खोलीत सामान भरत होती. दार आपोआप मिटायला लागलं. हाताशी काहीच नव्हतं — खांदा लावला, डावा हात घातला. ती अंग चोरून बाहेर आली. सुटली. ती सुटली. खांदा निघाला, हात राहिला —

वही खिशात होती. हाताकडे बघायचं नाही म्हणून लिहितोय.

आत कुणी नाही. तरी पलीकडून कुणीतरी बोटं धरलीत. ओढत नाही. नुसती धरलीत —

सासरे करवत घेऊन आले. ही ओरडतेय, बाबा, दार कापा, आधी दार कापा. ते दारावरून हात फिरवतायत. म्हणतायत, एवढं चांगलं लाकूड, जावईबापू, जरा थांबा, मोठी पाचर घडवून आण —