न्हाणीघरातली पितळी दांडी

पार्ले, मंगळवार, १४ फेब्रुवारी १९५६

दिवाळीत सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, तेव्हापासून मीच त्यांना आंघोळ घालते. त्यांना किती लाज वाटते, ते मला दिसतं. आज गवंड्याकडून भिंतीत पितळी दांडी बसवून घेतली, नवा आरसाही लावला. दांडी आधारासाठी आहे म्हणायची हिंमत होईना. "टॉवेलसाठी आहे," म्हटलं.

"एवढ्या खाली?" त्यांनी विचारलं. मी आरसाच पुसत राहिले. चिडल्या असतील का?

संध्याकाळी त्या एकट्याच आत गेल्या आणि कडी लावली. मी दाराशी जीव मुठीत धरून उभी. पाणी ओतल्याचा आवाज आला, मग आतूनच हाक, "अगं, दांडी पक्की आहे हो. जा तू, चहा टाक."

कितीतरी दिवसांनी त्यांनी मला हुकूम सोडला!